उसन्या जोडण्यांचा इतिहास

२०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने विजेवर चालणाऱ्या हलक्या वाहनांसाठी, म्हणजे मुख्यत्वे दुचाकी आणि तीनचाकींसाठी, चार्जिंगच्या एका नव्या कनेक्टरला मान्यता दिली. प्रत्यावर्ती आणि दिष्ट अशी दोन्ही प्रकारची विद्युतधारा एकाच कनेक्टरमधून घेण्याची सोय असलेले हे मानक भारतातच विकसित झाले. नीती आयोग, केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, पुण्याची एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आणि वाहनउत्पादक अशा अनेकांचा त्यात सहभाग होता. बातमी म्हणून हे रूक्ष वाटेल. प्लॅस्टिकच्या खोळीत बसवलेल्या धातूच्या काही पिना, एवढाच तर विषय. परंतु मोठी विद्युतधारा सुखरूप वाहून नेणारा कनेक्टर मिळवणे ही या देशातील हौशी तंत्रज्ञांची फार जुनी अडचण आहे. रोबो बांधणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सायकलला मोटार जोडणारा कारागीर, बॅटरीवर बिनतारी संच चालवणारा हौशी रेडिओचालक यांच्यासाठी म्हणून असा कनेक्टर भारतात कोणी कधी घडवला नाही. प्रत्येक पिढीने तो त्या त्या काळी भरात असलेल्या एखाद्या मोठ्या उद्योगाकडून उसना घेतला.

मोठी धारा म्हणजे किती, हे आधी पाहिले पाहिजे. घरातील नऊ वॉटचा एलईडी दिवा २३० व्होल्टवर अँपिअरचा पंचविसावा भागही घेत नाही. दोन हजार वॉटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास घेतो. मात्र १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ६०० वॉट हवे असतील, तर ५० अँपिअर लागतात. विद्युतदाब कमी असल्यामुळे हातांना धक्का बसत नाही, आणि त्यामुळेच नवशिक्याची फसगत होते. बारा व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, असे तो धरून चालतो. जेम्स जूलने १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमात विद्युतदाबाचा उल्लेख नाही. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते, इतकेच तो नियम सांगतो. चांगल्या कनेक्टरचा रोध अर्धा मिलिओहम धरला, तर ५० अँपिअरला त्यात सव्वा वॉट उष्णता होते. हाताला कोमट लागावे इतकी. तोच रोध पाच मिलिओहम झाला, तर साडेबारा वॉट. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नची ही निम्मी उष्णता आहे, आणि ती अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत कोंडलेली असते. अशा वेळी कनेक्टर स्वतःचाच डाख वितळवू लागतो.

रोध कोठून येतो, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये सीमेन्स कंपनीत असताना या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. ‘इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट्स’ हा त्याचा इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये आला. धातूचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर टेकवले, की ते सर्वत्र भिडले असे डोळ्यांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक पृष्ठभागावर सूक्ष्म डोंगरदऱ्या असतात आणि केवळ काही शिखरेच एकमेकांना टेकतात. सगळी धारा त्या मोजक्या शिखरांतून, अरुंद खिंडीतून जमाव जावा तशी, दाटीवाटीने जाते. दाब वाढवला की शिखरे चेपतात, स्पर्शाचे क्षेत्र वाढते आणि रोध घटतो. कनेक्टरचा खरा प्राण त्याच्या स्प्रिंगमध्ये का असतो, हे यावरून कळते. सोन्याचा मुलामा शोभेचा नसतो. सोने गंजत नाही, म्हणून शिखरांवर रोधक थर चढत नाही. तरीही स्प्रिंग ढिली पडली की सोन्याचाही काही उपयोग राहत नाही.

भारतीय हौशी मंडळींना हाताशी असलेला पहिला पर्याय होता घरातला तीन गोल पिनांचा प्लग. तो मूळचा ब्रिटिश. त्याचे बीएस ५४६ हे मानक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांच्या नव्या प्लगचे मानक स्वीकारले आणि गोल पिनांना हळूहळू निरोप दिला. भारताने मात्र जुनाच प्लग जपला, आणि आयएस १२९३ या भारतीय मानकाखाली तो आजही भिंतीभिंतीवर आहे. पाच आणि पंधरा अँपिअरचे त्याचे आकडे पुढे सहा आणि सोळा झाले. हा जाडजूड ‘पॉवर प्लग’ बॅटरीच्या जोडणीसाठी वापरण्याचा मोह अनेकांना झाला, आणि तो दुहेरी धोक्याचा होता. त्याचा सोळाचा आकडा प्रत्यावर्ती धारेसाठी आहे. आपल्याकडील प्रत्यावर्ती धारा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे प्लग ओढताना पडलेली ठिणगी लगेच विझते. दिष्ट धारा शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाते, तिचा चाप होतो आणि तो धातू जाळत राहतो. दुसरा धोका साधा होता. बॅटरीच्या तारेला घरचा प्लग लावलेला असेल, तर घरातले कोणीतरी तो कधीतरी भिंतीतल्या खोबणीत घालणारच.

दुसऱ्या महायुद्धाने वेगळा पुरवठादार दिला. बंगाल आणि आसामात दोस्त सैन्याचे मोठे तळ होते. युद्ध संपल्यावर तेथील बिनतारी संच, मोटारी, तारा आणि जोडण्या विक्रीला निघाल्या. या कामासाठी सरकारी खाते होते आणि त्याच्या नावातच ‘डिस्पोजल’ हा शब्द होता. तो शब्द बाजाराने उचलला. ‘डिस्पोजलचा माल’ म्हणजे जुना, जड, पण खात्रीचा, असा अर्थ त्याला चिकटला. लष्करी जोडण्या धूळ, ओल आणि हिसके सोसण्यासाठी बनवलेल्या असत. त्या घेणाऱ्यांमध्ये हौशी रेडिओचालक पुढे होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचे लजपतराय मार्केट, कोलकात्याची चांदनी, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळूरचा एसपी रोड, पुण्यातली तपकीर गल्ली ही या छंदाची तीर्थक्षेत्रे. तेथे वस्तूची मागणी नावाने होत नसे. खिशातून जुना नमुना काढून काउंटरवर ठेवायचा आणि ‘याची जोडी आहे का?’ असे विचारायचे. जोडीतला एकच भाग मिळाला, तर दुसऱ्यासाठी पुढचा रविवार.

१९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवरील बंधने कडक झाली. कारखान्याला यंत्रासाठी परवाना मिळे. एका माणसाला दोन कनेक्टरांसाठी तो कोण देणार? १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकांतून मंडलांचे आराखडे घरोघरी पोहोचत होते, पण लहान धारेची मंडले बांधणे आणि मोठी धारा हाताळणे यांत अंतर राहिले. ट्रान्झिस्टर मिळे, रेडिओ वाजे. मोटार चालवायची म्हटली की गाडी थेट मोटारगाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानापाशी थांबे. तेथून बॅटरीची शिशाची टोके, तांब्याचे लग आणि मगरीच्या जबड्यासारखे चिमटे येत. पैकी लग हा प्रामाणिक उपाय. नटबोल्टने आवळलेला लग होल्मच्या कसोटीला उत्तम उतरतो, कारण बोल्टाइतका दाब कोणतीही स्प्रिंग देत नाही. त्याची उणीव एवढीच, की तो चटकन सोडवता येत नाही. चिमट्यांबद्दल मात्र चांगले बोलणे कठीण आहे. जबड्याचे दोन-चार दात कसेबसे टेकतात, गंज चढतो, आणि उलट टोकाला लावले जाण्याची शक्यता कायम असते.

या सगळ्याला एक देखणे उत्तर अमेरिकेत तयार झाले होते. १८७७ मध्ये बोस्टनमध्ये अँडरसन बंधूंनी सुरू केलेल्या कंपनीने, विसाव्या शतकाच्या मध्यास, गोदामांत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी उपयोगी पडणारा एक सपाट कनेक्टर आणला. त्यात नर-मादी हा भेद नव्हता. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या. एक बाजू उलटी करून दुसरीत सारली की बसली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या जिभा एकमेकींवर घासत सरकतात, त्यामुळे दर वेळी जोडताना पृष्ठभाग आपोआप खरवडून स्वच्छ होतो, आणि दाब देण्याचे काम वेगळी पोलादी स्प्रिंग करते. धारा वाहणारा धातू आणि दाब देणारा धातू वेगवेगळे ठेवण्याची ही कल्पना साधी आहे, पण तिच्यात सगळे शहाणपण आहे: तांबे उत्तम वाहक असले तरी स्प्रिंग म्हणून दुबळे, पोलाद याच्या नेमके उलट. वेगवेगळ्या रंगांच्या खोळी एकमेकींत बसत नाहीत, म्हणून २४ व्होल्टची बॅटरी ३६ व्होल्टच्या यंत्राला चुकून लागत नाही.

हा कनेक्टर भारतीय हौशी मंडळींपर्यंत फोर्कलिफ्टमधून फारसा आला नाही. तो आला संगणकाच्या पाठीवर बसून. १९९१ नंतर बँका, कार्यालये, दूरध्वनी केंद्रे संगणकांनी भरली; वीज मात्र पूर्वीसारखीच जात राहिली. परिणामी प्रत्येक कार्यालयात यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्यांची पेटी आली, आणि पेटीला जोडणारा लाल किंवा राखाडी अँडरसन पद्धतीचा कनेक्टर. काही वर्षांनी हे यूपीएस भंगारात निघाले. रोबो स्पर्धांचा काळही नेमका तोच. आशियाई प्रसारण संघटनेची रोबोकॉन स्पर्धा २००२ मध्ये सुरू झाली, दूरदर्शनने तिची राष्ट्रीय फेरी भरवली, आणि पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात देशभरातील महाविद्यालयांचे संघ वर्षानुवर्षे जमत राहिले. यंत्राचा आराखडा, प्रोग्रॅम, मोटारी यांवर महिनोन्‌महिने खर्च करणाऱ्या संघांना बॅटरीची जोडणी हा शेवटच्या रात्रीचा विषय वाटे. मोटार अडकली की तिची धारा नेहमीच्या कित्येक पट होते, आणि पहिला बळी पडतो तो सगळ्यांत दुर्लक्षित सांधा.

हौशी रेडिओच्या क्षेत्रात हा विषय अधिक गंभीर होता, कारण तेथे कधीकधी माणसांचे जीव त्यावर अवलंबून असत. शंभर वॉटचा सर्वसाधारण संच बोलताना १३.८ व्होल्टवर वीसेक अँपिअर घेतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचालकांचा एक चमू अंदमानात पोर्ट ब्लेअरला होता. मुळात तो गेला होता छंदापायी, दुर्मीळ ठिकाणाहून जगाशी संपर्क साधण्यासाठी. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली, आणि या संचांवरून मदतीचे आणि खुशालीचे निरोप जाऊ लागले. अशा वेळी अनोळखी माणसाच्या बॅटरीला अनोळखी माणसाचा संच जोडावा लागतो. जगभरच्या आपत्कालीन रेडिओचालकांमध्ये अँडरसनचाच ‘पॉवरपोल’ हा छोटा अवतार रूढ झाला, त्याचे कारण हेच आहे. सगळ्यांच्या तारांची टोके सारखी असतील, तर अंधारातही जोड बसते.

आजच्या भारतात याच घराण्याचा कनेक्टर सर्वांत सहज कोठे मिळतो? इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नव्हे, ई-रिक्षाच्या सुट्या भागांच्या दुकानात. उत्तर भारतातील शहरांत या रिक्षा आधी आल्या आणि कायदा मागून आला. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्या अधिकृत झाल्या. बारा व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या ओळीने जोडून ४८ व्होल्ट, साधारण एक किलोवॅटची मोटार, म्हणजे वीस-पंचवीस अँपिअरची सलग धारा, आणि रोज रात्री चार्जिंगसाठी जोडणे-सोडणे. लाखो चालकांच्या या रोजच्या गरजेने पन्नास अँपिअरचा कनेक्टर गल्लीबोळात आणला. फोर्कलिफ्टचा वारसा असा रिक्षामार्गे विद्यार्थ्यांच्या हाती आला.

त्याच दशकात आणखी दोन उद्योग उभे राहिले. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले आणि छपरांवर, माळरानांवर सौर पट्ट्या दिसू लागल्या. त्यांना जोडणारा एमसी-४ हा कनेक्टर मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीचा. चारचा आकडा त्याच्या चार मिलिमीटर जाडीच्या पिनेचा. पाऊस, ऊन आणि हजार व्होल्ट सोसण्यासाठी तो केलेला आहे. त्याच्यासारखे दिसणारे डझनावारी प्रकार बाजारात आहेत आणि ते एकमेकांत बसतातही. घोळ तिथेच होतो. दोन वेगळ्या कारखान्यांच्या पिना आणि स्प्रिंगा एकमेकींसाठी मापलेल्या नसतात. त्या बसतात, टिचकीचा आवाजही येतो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनंतर सांधा जळतो.

दुसरा उद्योग खेळण्यांच्या वाटेने आला. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये रेडिओनियंत्रित मोटारगाडीचे पहिले मॉडेल आणले, आणि त्यातला पांढरा चिमुकला प्लग कंपनीच्याच नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. पंधरा अँपिअरच्या आसपास त्याची मर्यादा. लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आल्यावर तो अपुरा पडला. मग चीनमधील चांगचौ शहरातील अमास कंपनीचा पिवळा एक्सटी-६० आला. साडेतीन मिलिमीटरच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन पिना, नायलॉनची खोळ, आणि एका बाजूचे कोपरे तासलेले, म्हणजे उलटा बसणे अशक्य. बॅटरीला नेहमी खोबणीचा भाग लावायचा, पिनांचा नाही, हा संकेतही त्याच्यासोबत रूढ झाला; मोकळ्या पडलेल्या जिवंत पिनांवर किल्ली पडून आग लागू नये म्हणून. भारतात त्याचा प्रसार ड्रोनमुळे झाला. २५ ऑगस्ट २०२१ रोजी नवे ड्रोन नियम लागू झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांची आयात मात्र खुली राहिली. ड्रोन देशात जोडायचा तर कनेक्टर बाहेरून येणारच. आज तो मूठमूठ मिळतो.

एक्सटी-६० च्या नावातील साठ हा आकडा अनेकांना चकवतो. साठ अँपिअर ही त्याची क्षणिक मर्यादा आहे. सलग वापरासाठी कंपनी तीसच सांगते. ड्रोनच्या पंख्यांचा वारा लागत असताना जे निभावते, ते सायकलच्या बंद पेटीत निभावत नाही. त्यातच नकली माल. दिसायला तोच पिवळा रंग, पण मुलामा नावापुरता, स्प्रिंग ढिली आणि खोळ हलक्या प्लॅस्टिकची. डाख देताना ती मऊ पडते आणि पिना तिरक्या होतात. अनुभवी कारागीर डाख देण्यापूर्वी समोरचा जोडीदार भाग त्यात बसवून ठेवतात. पिना जागच्या हलत नाहीत आणि उष्णताही वाटली जाते. डाखाचा दुसरा दोष उशिरा कळतो. तो तारेच्या धाग्यांत वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो, आणि गाडीच्या कंपनाने तार नेमकी तेथेच तुटते. म्हणून वाहनांत दाबून बसवलेल्या लगाला पसंती असते. अर्थात तो योग्य मापाच्या साच्यातच दाबला पाहिजे. हातोडीने चेपलेला लग आतून पोकळच राहतो.

अस्सल-नकली ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कनेक्टर जोडून त्यातून मोजून दहा अँपिअर धारा सोडावी आणि मल्टिमीटरने त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारांवरील विद्युतदाबाचा फरक पाहावा. पाच मिलिव्होल्ट आले, तर रोध अर्धा मिलिओहम. पन्नास आले, तर तो कनेक्टर ५० अँपिअरच्या कामाचा नाही. तुलनेसाठी, अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे सात मिलिओहम असतो. अनेकदा कनेक्टरला दिलेले दूषण खरे तर बारीक तारेला द्यायला हवे. हीच चाचणी पन्नास वेळा जोडून-सोडून पुन्हा करावी. नकली स्प्रिंगचे बिंग बहुधा या दुसऱ्या फेरीत फुटते.

२०२३ चे मानक या परंपरेत कोठे बसते, हे बाजार ठरवील. मानकाच्या पुस्तिकेत कमाल धारा, तापमानवाढ, किती वेळा जोडले-सोडले तरी टिकावे, असे सर्व लिहिलेले असते. किरकोळ विक्रीबद्दल त्यात काही नसते. वाहनउत्पादकाला हे कनेक्टर हजारांच्या संख्येने मिळतील. एक-दोन नग मागणाऱ्या विद्यार्थ्याला ते बहुधा तेव्हाच मिळतील, जेव्हा अपघातात सापडलेल्या किंवा म्हाताऱ्या झालेल्या विद्युत दुचाकी भंगाराच्या दुकानांत येऊ लागतील आणि तपकीर गल्लीत किंवा लजपतराय मार्केटमध्ये कोणी खिशातून एक भाग काढून काउंटरवर ठेवील: याची जोडी आहे का?